कॉलेजात हिप हॉप शिकताना: हात, कान आणि श्रेय

हिप हॉप, म्हणजे तालावर बोलून म्हटलेले रॅप, डीजेचे रेकॉर्ड वाजवणे, ब्रेकिंग हे नृत्य आणि ग्राफिटी ही भिंतींवरची चित्रे यांची न्यूयॉर्कमध्ये जन्मलेली संस्कृती, कॉलेजात शिकायचे म्हणजे नेमके काय शिकायचे, हा प्रश्न मला डोंबिवलीतल्या नातेवाइकांनी आणि इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या ज्येष्ठांनी सारख्याच कुतूहलाने विचारला आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या ज्या कॉलेजात मी शिकते, तेथे हिप हॉप संस्कृती आणि सर्जनशील सराव असा एक पूर्ण सत्राचा अभ्यासक्रम आहे. त्याचे अर्धे तास वर्गात होतात आणि अर्धे स्टुडिओत. वर्गात इतिहास, समाजशास्त्र आणि कॉपीराइटचा कायदा वाचायचा व त्यावर निबंध लिहायचे. स्टुडिओत दोन टर्नटेबलांवर, म्हणजे रेकॉर्ड फिरवणाऱ्या यंत्रांवर, एक ब्रेक (गाण्यातला फक्त तालवाद्यांचा तुकडा) न तुटता चालवून दाखवायचा, ध्वनिमुद्रणांचे तुकडे (सॅम्पल) साठवून वाजवणाऱ्या सॅम्पलर या यंत्रावर एक बीट, म्हणजे रॅपखालचा वाद्यांचा ताल, बांधायचे, सोळा बार (प्रत्येकी चार ठोक्यांची आवर्तने) स्वतः लिहून स्वतःच्या आवाजात सादर करायचे, आणि हे सगळे करताना कोणती ध्वनिमुद्रणे वापरली, त्यांत काय बदलले, ती कोणी वाजवलेली होती याची नोंदवही ठेवायची. सत्र संपल्यानंतर माझे मत पक्के झाले आहे की हे दोन भाग वेगळे नाहीतच. हिप हॉपचा इतिहास हा बऱ्याच अंशी हाताने केलेल्या कामाचा इतिहास आहे, आणि ते काम निदान एकदा स्वतः केल्याशिवाय त्याबद्दल वाचलेली वाक्ये कानापर्यंत पोहोचत नाहीत.

पहिल्या आठवड्यातला इतिहास सर्वांना साधारण तोच शिकवला जातो. क्रॉस ब्रॉन्क्स एक्स्प्रेसवे या महामार्गाने न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या नांदत्या वस्त्या मधोमध चिरल्या, ज्यांना परवडत होते ते उपनगरांकडे निघून गेले, आणि १९७० च्या दशकात दक्षिण ब्रॉन्क्समध्ये ओसाड व जळालेल्या इमारतींच्या रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या. याच ब्रॉन्क्समध्ये, १५२० सेजविक अ‍ॅव्हेन्यू या इमारतीतल्या रहिवाशांच्या सामाईक खोलीत, ११ ऑगस्ट १९७३ रोजी सिंडी कॅम्पबेल या मुलीने एक पार्टी ठेवली. शाळा सुरू होण्यापूर्वी नव्या कपड्यांसाठी पैसे जमवणे हा तिचा हेतू होता आणि मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट असे प्रवेशशुल्क होते. रेकॉर्ड लावायला तिचा मोठा भाऊ क्लाइव्ह होता, ज्याला सगळे डीजे कूल हर्क म्हणत. सिंडीचे नाव मी मुद्दाम आधी घेतले आहे, कारण खोली ठरवणारी, पत्रके वाटणारी आणि पैशांचा हिशेब ठेवणारी व्यक्ती इतिहासाच्या पुस्तकांत फार लवकर तळटीप होऊन बसते.

हर्क किंग्स्टनमध्ये जन्मला होता आणि १९६७ मध्ये बाराव्या वर्षी ब्रॉन्क्सला आला. जमैकातल्या मोठ्या आवाजाच्या साउंड सिस्टिम त्याने लहानपणी ऐकल्या होत्या. पार्ट्यांमध्ये त्याच्या लक्षात आले की नाचणारी मुले गाण्यातल्या एका ठरावीक जागेची वाट पाहत थांबतात. गायक आणि बहुतेक वाद्ये गप्प होतात व फक्त तालवाद्ये उरतात ती जागा, म्हणजे ब्रेक. तो काही सेकंदांत संपतो. हर्कने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवल्या, आणि एका प्रतीवरचा ब्रेक संपत आला की दुसऱ्या प्रतीवर तोच ब्रेक पुन्हा सुरू करून ती जागा हवी तितकी लांबवली. ही हकिगत वाचायला पाच मिनिटे पुरतात आणि वाचून झाल्यावर ती फार सोपी वाटते.

स्टुडिओत मात्र तीच गोष्ट करायला बसल्यावर तिच्या पोटात किती प्रश्न दडलेले आहेत ते कळते. डाव्या टर्नटेबलावर ब्रेक चालू असताना उजव्या टर्नटेबलावरची रेकॉर्ड हाताने उलटी फिरवून बरोबर ब्रेकच्या तोंडाशी आणावी लागते, ती जागा फक्त हेडफोनमध्ये ऐकून तपासावी लागते, खाली फिरणाऱ्या तबकडीवर रेकॉर्ड बोटांनी धरून ठेवावी लागते, आणि डाव्या बाजूचा शेवटचा ठोका पडताक्षणी उजवी सोडून क्रॉसफेडर, म्हणजे आवाज एका टर्नटेबलावरून दुसऱ्यावर नेणारी पट्टी, सरकवावा लागतो. हा सगळा उद्योग चार बारांच्या आत, म्हणजे मध्यम गतीत दहा-अकरा सेकंदांत, पुन्हा पुन्हा करायचा असतो. मी शाळेत असल्यापासून तबला शिकले असल्यामुळे समेवर येणे मला नवे नव्हते. पण तबल्यात सम मीच वाजवते. येथे ती दुसऱ्या कोणी तरी अनेक वर्षांपूर्वी वाजवून ठेवलेली असते आणि मला तिच्या पुढ्यात वेळेवर हजर व्हायचे असते, हा फरक बोटांना समजायला बराच काळ गेला.

हर्क सुई अंदाजाने उचलून ठेवत असे, त्यामुळे त्याच्याकडे एका ब्रेकवरून दुसऱ्यावर जाताना ताल क्षणभर सुटे. ग्रँडमास्टर फ्लॅश या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या जोसेफ सॅडलरने हीच अडचण सोडवायला घेतली. बार्बाडोसमध्ये जन्मलेला आणि ब्रॉन्क्सच्या व्यावसायिक शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला हा मुलगा होता. त्याने रेकॉर्डवर खडूसारख्या मेणकांडीने खुणा केल्या, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे त्या खुणा वाचून किती फेरे उलटे फिरवायचे ते ठरवले, आणि पुढची रेकॉर्ड लोकांना ऐकू जाण्याआधी आपल्याला ऐकू यावी म्हणून मिक्सरला, म्हणजे दोन्ही टर्नटेबलांचा आवाज एकत्र करणाऱ्या यंत्राला, एक खटका जोडला. रेकॉर्डच्या पृष्ठभागाला बोट लावणे त्या काळी निषिद्ध मानले जाई. आमच्या घरी आजोबांची रेकॉर्ड कडेनेच धरायची असा सक्त नियम होता, त्यामुळे स्टुडिओत पहिल्यांदा तळहात सपाट ठेवताना मला खरोखर संकोच वाटला आणि फ्लॅशने मोडलेला नियम किती मोठा होता ते त्या संकोचातून समजले. वर्गातल्या टिपणात त्याच्या कामाला फक्त तंत्र म्हटलेले होते. मी त्याला सिद्धान्त म्हणेन, कारण त्यात समस्या नेमकी मांडलेली आहे, तिचे मोजमाप आहे, उपाय आहे, आणि तो उपाय दुसऱ्याला शिकवता येईल अशा पायऱ्यांत बसवलेला आहे.

सॅम्पलरचा भाग मला सर्वांत जास्त आवडला. १९८७ मध्ये बाजारात आलेल्या एसपी-१२०० या यंत्रात एकूण १० सेकंदांचाच आवाज साठवता येत असे, आणि त्यातला कोणताही एक तुकडा अडीच सेकंदांपेक्षा मोठा असू शकत नसे. आमच्या शिक्षकांनी संगणकावरच्या आधुनिक सॉफ्टवेअरमध्ये हीच मर्यादा आमच्यावर घातली आणि दुसरे काही न सांगता बीट बांधायला बसवले. मिनिटाला ९० ठोक्यांच्या गतीत चार ठोक्यांचा एक बार २.६७ सेकंदांचा होतो, म्हणजे तो अडीच सेकंदांच्या तुकड्यात बसत नाही आणि चार बार मिळून १० सेकंदांत मावत नाहीत. त्या काळच्या निर्मात्यांनी यावर काढलेला मार्ग असा, की मिनिटाला ३३ फेऱ्यांची एलपी रेकॉर्ड टर्नटेबलावर ४५ फेऱ्यांच्या वेगाने वाजवायची, तशीच यंत्रात भरायची आणि मग यंत्रात तिची गती उतरवायची. असे केले की तोच बार दोन सेकंदांत उरकतो आणि चारही बार आठ सेकंदांच्या आत बसतात. वेग उतरवल्यावर आवाजात जो खरखरीत, जाडसर पोत येतो, तो त्या काळातल्या न्यूयॉर्कच्या हिप हॉपची ओळख मानला जातो. हा पोत आधी कोणी कल्पनेत ऐकला आणि मग त्यासाठी यंत्र शोधले असे घडले नाही. जागा कमी पडली, म्हणून वेग वाढवला, म्हणून आवाज बदलला, आणि तो बदललेला आवाज कानांना आवडला. हा कार्यकारणभाव पुस्तकातही सापडतो, परंतु आठ सेकंदे भरल्यावर उरलेल्या दोन सेकंदांत किक (ड्रमचा जड, खालचा ठोका) ठेवावी की बासचा, म्हणजे खर्जातला, एक सूर, असा निर्णय करताना तो अंगात मुरतो.

त्याच आठवड्यात आम्ही डेट्रॉइटच्या जे डिला या निर्मात्याच्या कामाचा अभ्यास केला. तो २००६ मध्ये वारला, आणि त्याने वापरलेला एमपीसी नावाचा सॅम्पलर आज वॉशिंग्टनच्या आफ्रिकन अमेरिकन इतिहास व संस्कृतीच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलेला आहे. यंत्र प्रत्येक ठोका गणिती अचूकतेने जागेवर बसवून देण्याची सोय पुरवते. डिला अनेकदा ती सोय बाजूला ठेवून ठोके बोटांनी वाजवत असे, त्यामुळे त्याचा स्नेअर (ड्रमचा तीक्ष्ण ठोका) किंवा हाय-हॅट (झांजांचा आवाज) यंत्राच्या नेमक्या जागेच्या जरा अलीकडे-पलीकडे पडतो. लय धरून ठेवून ठेका किंचित मागे रेलणारे तबलजी ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना हा आनंद अनोळखी वाटणार नाही. मी माझ्या बीटमध्ये अचूकतेची सोय बंद करून पॅडवर डाव्या हाताने किक आणि उजव्या हाताने हाय-हॅट वाजवले, आणि तबल्याचा रियाझ तेथे प्रथमच पूर्णपणे उपयोगी पडला.

आता नोंदवहीविषयी, कारण माझ्या दृष्टीने या अभ्यासक्रमाचा कणा तीच होती. प्रत्येक वापरलेल्या आवाजासमोर रेकॉर्डचे नाव, वर्ष, लेबल, गीतकार, संगीतकार आणि शक्य असेल तेथे तो भाग प्रत्यक्ष वाजवणाऱ्या वादकाचे नाव लिहायचे होते. शेवटचा रकाना सर्वांत अवघड निघाला. १९६९ मध्ये द विन्स्टन्स या गटाच्या एका गाण्यात ग्रेगरी कोलमन यांनी चार बारांचा, सुमारे सात सेकंदांचा ड्रमचा ब्रेक वाजवला. पुढे तो हजारो ध्वनिमुद्रणांत वापरला गेला आणि इंग्लंडमध्ये ‘जंगल’ व ‘ड्रम अँड बास’ हे नृत्यसंगीताचे प्रकार त्याच्याच पायावर उभे राहिले. कोलमन २००६ मध्ये निधन पावले तेव्हा ते बेघर होते, आणि त्या सात सेकंदांच्या पुनर्वापरासाठी त्यांना कधीही मानधन मिळाले नव्हते. गटाचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना २०१५ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून सुमारे २४,००० पाउंड दिले, ही त्यातली सर्वांत मोठी भरपाई. जेम्स ब्राउन यांच्याकडे वाजवणारे क्लाइड स्टबलफील्ड यांची गोष्टही याच जातीची आहे. त्यांचे ठेके जगभर वापरले गेले, पण गाण्याचे सहलेखक म्हणून त्यांची नोंद नव्हती, त्यामुळे कायद्याने त्यांच्याकडे पैसे वळण्याचा मार्गच नव्हता.

कायदा या प्रश्नाकडे भलत्याच बाजूने पाहत आला, असे मला अभ्यासाअंती वाटते. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात बिझ मार्की या रॅपरविरुद्धच्या खटल्याचा निकाल लागला. न्यायाधीशांनी निकालपत्राची सुरुवातच बायबलमधल्या चोरी न करण्याच्या आज्ञेने केली, आणि त्यानंतर परवानगी न घेता सॅम्पल वापरणे कंपन्यांना धोक्याचे झाले. २००५ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात अपील न्यायालयाने गिटारच्या दोन सेकंदांच्या तुकड्यासाठीही परवाना लागतो असे ठरवले. २०१६ मध्ये वेगळ्या विभागातल्या अपील न्यायालयाने मात्र अगदी क्षुल्लक तुकड्याला ही कसोटी लावण्यास नकार दिला, आणि हे दोन निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. परिणाम असा झाला की १९८० च्या दशकाच्या शेवटी ज्या पद्धतीने एका गाण्यात डझनावारी तुकडे रचले जात, ती पद्धत मोठ्या कंपन्यांसाठी जवळजवळ परवडेनाशी झाली. परवान्याचे पैसे मात्र ध्वनिमुद्रणाच्या व रचनेच्या मालकांकडे जातात. ड्रम वाजवणाऱ्या माणसाच्या हातात त्यातले काही पडेलच असे नाही. कडक कायदा आला तरी कोलमन यांचा रकाना रिकामाच राहिला.

हिंदुस्तानी संगीतात बंदिश किंवा तबल्यातला ‘कायदा’ (विस्तारासाठी बांधलेली रचना) पेश करण्यापूर्वी तो कोणाचा आहे हे सांगण्याची आणि गुरूचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावण्याची रीत आहे. त्याच परंपरेत ठेवणीतल्या चिजा घराण्याबाहेर जाऊ न देण्याचीही रीत होती. हिप हॉपमध्ये या दोन्ही गोष्टी सापडतात. आपल्या रेकॉर्ड प्रतिस्पर्ध्यांना ओळखता येऊ नयेत म्हणून हर्क त्यांची लेबले पाण्यात भिजवून काढून टाकत असे, आणि त्याच संस्कृतीत स्वतःच्या आधीच्या डीजेंची नावे मंचावरून आदराने घेण्याची सवयही आहे. लपवणे आणि श्रेय देणे या दोन प्रेरणांच्या मध्ये कॉलेजची नोंदवही उभी राहते, आणि मला वाटते की विद्यापीठाला या क्षेत्रात खरे काही करता येण्यासारखे असेल तर ते हेच, म्हणजे कोणत्या आवाजामागे कोणाचा हात होता हे शोधून लिहून ठेवणे.

माझ्या बीटसाठी मी आजोबांच्या संग्रहातल्या एका जुन्या लावणीच्या रेकॉर्डमधला ढोलकीचा तुकडा घेतला. घरून वेष्टनाची आणि लेबलची छायाचित्रे मागवली. गायिकेचे नाव होते, गीतकाराचे होते, संगीतकाराचे होते. ढोलकी कोणी वाजवली ते कोठेही नव्हते. लावणी ज्या वाद्यावर उभी असते त्याच्या वादकाचे नाव छापण्याची गरज त्या काळी कंपनीला वाटली नाही, आणि आपल्याकडच्या कितीतरी रेकॉर्डांची हीच स्थिती आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर भारतीय कॉपीराइट कायद्यात कलावंतांचे हक्क अधिक स्पष्ट झाले, परंतु ज्याचे नावच नोंदलेले नाही त्याने हक्क कसा मागायचा? मी नोंदवहीत त्या रकान्यात ‘ढोलकी: वादकाचे नाव लेबलवर नाही’ असे लिहिले. डोंबिवलीतल्या एका जुन्या रेकॉर्डसंग्राहकांकडे चौकशी अजून चालू आहे.

सोळा बार मी मराठीत लिहिले. ९० च्या गतीत सोळा बार म्हणजे जेमतेम ४३ सेकंदे. तेवढ्यासाठी मला जितका विचार करावा लागला तितका कोणत्याही निबंधासाठी करावा लागला नव्हता. बारातल्या दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर स्नेअर पडतो, आणि इंग्रजी रॅपमध्ये शब्दातले आघातयुक्त अक्षर त्या स्नेअरवर नेमके बसवले जाते. मराठीत तसा ठसठशीत आघात नाही, आपल्या ओळीचा तोल लघु-गुरूवर उभा असतो. म्हणून स्नेअरच्या जागी दीर्घ स्वर किंवा जोडाक्षरापूर्वीचे अक्षर आणावे लागते, नाही तर वाक्य बीटवरून घसरत राहते. दुसरी अडचण यमकाची. मराठी वाक्य क्रियापदावर संपते आणि आपली क्रियापदे आला, गेला, झाला अशी आपोआप जुळतात. हे यमक इतके स्वस्त आहे की चार ओळींत कंटाळा येतो. मराठी रॅप करणारी चांगली मुले शब्दक्रम मोडून नाम किंवा विशेषण शेवटी आणतात आणि ओळीच्या आतही जुळण्या पेरतात, असे बारकाईने ऐकल्यावर माझ्या लक्षात आले. दादरच्या फुलबाजारावर मी लिहिलेल्या बारांतली ही सुरुवात:

पहाटेची गाडी, फुलांची पाटी,
दादरला उतरते आजी;
हातात वजन, ओठांत भजन,
शेवंती अजून ताजी.

याची ठेवण नकळत ओवीच्या जवळ गेली. ओवीचा चौथा चरण आखूड असतो. तो आखूडपणा मी बीटमध्येही राखला, म्हणजे ‘ताजी’नंतर ठोकाभर काहीच म्हटले नाही आणि तेथे ढोलकीचा तुकडा एकटा वाजू दिला. सादरीकरणाच्या वेळी एका वर्गमित्राने ओळींचे शेवटचे शब्द मागून उचलून धरले. हिप हॉपमध्ये मुख्य रॅपरला असा साथ देणारा असतोच, आणि पोवाड्यात शाहिरामागे उभे राहून ‘जी जी रं जी’ म्हणणारे झीलकरी हेच काम करतात. वर्गाला मी पोवाड्याचे एक ध्वनिमुद्रण ऐकवले तेव्हा त्यांना शब्द कळले नाहीत, पण झीलकऱ्यांचे काम लगेच कळले.

ग्राफिटी आणि ब्रेकिंग यांना अभ्यासक्रमात फार थोडा वेळ मिळाला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रेकिंगला स्थान मिळाल्यामुळे गुण देण्याच्या पद्धतीवर एक चांगली चर्चा झाली, परंतु वर्तुळात उभे राहून एकमेकांना आव्हान देत नाचण्याची, म्हणजे सायफरची, जागा गुणतक्ता घेऊ शकत नाही असे माझे मत आहे आणि यापेक्षा जास्त त्याविषयी लिहिण्याइतका माझा अधिकार नाही.

हिप हॉप विद्यापीठात काही कालपरवा आलेले नाही. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच त्याचा अभ्यास सुरू झाला होता. ट्रिशा रोझ यांचे ‘ब्लॅक नॉइज’ हे १९९४ मधले पुस्तक त्यांच्या पीएच.डी.च्या संशोधनातून निघाले आणि आजही वाचनसूचीत पहिल्या ओळीत असते. हार्वर्डमध्ये मार्सिलिना मॉर्गन यांनी २००२ मध्ये हिप हॉप अभिलेखागार उभे केले, कॉर्नेलमध्ये २००७ मध्ये जुनी पत्रके, छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रणे यांचा संग्रह सुरू झाला. २०१८ मध्ये केंड्रिक लमार यांच्या अल्बमला संगीताचे पुलित्झर पारितोषिक मिळाले, आणि २०२२ मध्ये लूपे फियास्को हे रॅपर एमआयटीत अतिथी प्राध्यापक म्हणून रॅप शिकवू लागले. या सगळ्यांत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ए. डी. कार्सन यांची घटना. २०१७ मध्ये त्यांनी क्लेमसन विद्यापीठात पीएच.डी.चा प्रबंध म्हणून ३४ गाण्यांचा रॅप अल्बम सादर केला आणि पुढे ते व्हर्जिनिया विद्यापीठात हिप हॉपचे प्राध्यापक झाले. रॅपविषयी प्रबंध लिहिणारे अनेक होते. कार्सन यांनी रॅपमध्येच प्रबंध लिहिला, आणि विद्यापीठाने तो ज्ञान म्हणून स्वीकारला.

तरीही एक गोष्ट मला खटकते आणि ती लिहिणे आवश्यक आहे. आमचे शिक्षक तीस वर्षांहून अधिक काळ डीजे म्हणून काम करत आले आहेत, रेकॉर्डांविषयीची त्यांची स्मरणशक्ती थक्क करणारी आहे, आणि तरी ते कॉलेजात सत्रापुरत्या कंत्राटावर शिकवतात. वर्गातला सिद्धान्ताचा भाग शिकवणाऱ्या प्राध्यापकांची नोकरी मात्र कायम आहे. ज्या रस्त्यावरच्या, फुकट शिकता येणाऱ्या संस्कृतीसाठी आम्ही भरमसाट शुल्क भरतो, तिच्यात वाढलेल्या माणसाला त्या शुल्कातला वाटा कसा मिळतो, हा प्रश्न कोलमन यांच्या सात सेकंदांच्या प्रश्नाहून वेगळा नाही. सत्राच्या शेवटी आम्हा विद्यार्थ्यांच्या एका गटाने विभागप्रमुखांना याविषयी पत्र दिले आहे.

महाराष्ट्रात असा अभ्यास करू इच्छिणाऱ्यांना सामग्रीची वाण नाही. धारावीत मुलांना रॅप, बीटबॉक्सिंग आणि ब्रेकिंग विनामूल्य शिकवणारी शाळा अनेक वर्षे चालू आहे, आणि मुंबई विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाने २०२० मध्ये हिप हॉपचा अभ्यासक्रम जाहीर केला होता. स्वदेशी या मुंबईतल्या गटाने २०१९ मध्ये आरेच्या जंगलासाठी केलेल्या ‘द वारली रिव्होल्ट’मध्ये आरेतले वारली कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. कोण गाते आहे, कोणासाठी गाते आहे आणि कोणाच्या जमिनीवर उभे राहून गाते आहे, हे त्यात लपलेले नाही. याच गटाचा ‘एमसी मवाली’ नावाचा रॅपर मराठीत रॅप करतो. त्याच्या ओळींचा छंद, स्नेअरशी त्याचे नाते आणि त्यातली बोली हा एका मराठी विभागाने सहज हाती घ्यावा असा प्रबंधाचा विषय आहे.

परंतु घाई करावी लागेल. मुंबईतल्या रॅपची सुरुवातीची अनेक वर्षे ऑर्कुट या समाजमाध्यमावरच्या लिखित आणि ध्वनिमुद्रित रॅपच्या लढतींत गेली, आणि २०१४ मध्ये ऑर्कुट बंद झाले. त्यानंतरची पहिली ध्वनिमुद्रणे फोनमध्ये आणि स्वस्त हार्ड डिस्कवर पडून आहेत. धर्मेश परमार, म्हणजे टॉडफॉड, या स्वदेशीच्या तरुण रॅपरचे २०२२ मध्ये निधन झाले, आणि त्या पिढीतल्या उरलेल्यांच्या मुलाखती कोणी पद्धतशीर घेत असल्यास माझ्या पाहण्यात आलेले नाही. ब्रॉन्क्समधल्या पत्रकांना काचेच्या कपाटात जागा मिळायला तीसहून अधिक वर्षे लागली, तोवर कितीतरी टेप हरवल्या होत्या. पुढच्या सत्रात मी याच शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली मुंबई-ठाण्यातल्या बीट निर्मात्यांसाठी एक प्रश्नावली तयार करते आहे. त्यातले पहिले तीन प्रश्न ठरले आहेत: पहिले बीट कोणत्या यंत्रावर किंवा फोनवर बांधले, त्यात कोणाचा आवाज वापरला, आणि तो वाजवणाऱ्याचे नाव तुम्हाला ठाऊक आहे का.